नाखोदच्या सिंहाचा बकरा कोणी केला?

जुनी ठासणी (धागाकर्ता)

मागे बिस्मार्कवरच्या चर्चेत कोणीतरी जाता जाता लिहून गेलं की स्टाइनमेट्झ म्हणजे प्रशियाच्या सैन्यातला हट्टी म्हातारा, 1870 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात ग्राव्हलॉतच्या लढाईत माणसं फुकट मारून घरी बसला. एका ओळीत निकाल! तिथे भांडलो असतो तर धागा भरकटला असता, म्हणून इथे वेगळी चूल मांडतोय.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्ल फ्रीडरिश फॉन स्टाइनमेट्झ, जन्म 27 डिसेंबर 1796, आयझेनाख. घरची गरिबी. लहानपणीच श्टोल्पच्या कॅडेट शाळेत. 1813 मध्ये नेपोलियनविरुद्ध युद्ध पेटलं तेव्हा हा आणि थोरला भाऊ, दोघांची रवानगी ब्रेस्लाऊला प्रशियाचा जनरल यॉर्क याच्या कोअरकडे (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनांची मोठी फौज) झाली. भाऊ लाइपझिगला पडला. हा जखमी होऊन वाचला, आयर्न क्रॉस मिळवला. जिंकलेल्या पॅरिसात हा गडी एकदाच पाऊल ठेवून आला. का, तर पैसे खर्च होतील! बाकीचे अधिकारी मौज करत होते आणि हा पगारातले पैसे आईसाठी राखत होता.

मग शांततेची तीस-पस्तीस वर्षं. बढती मुंगीच्या पावलाने. 1848 ला श्लेस्विगच्या लढाईत चमकला, 'पूर ल मेरीत' हे शौर्यपदक खुद्द राजपुत्र विल्हेल्मच्या (पुढचा राजा) हातून मिळालं. 1854 ला मेजर जनरल झाला आणि त्याच सुमारास उरलेली एकुलती मुलगी गेली. पुढे पोझेनला पाचव्या कोअरचा प्रमुख झाला, तिथे बायकोही गेली. म्हणजे 1866 ला ऑस्ट्रियाविरुद्ध निघाला तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा, घरी वाट बघणारं कोणी नाही असा माणूस.

आणि मग तीन दिवसांत तीन लढाया. 27 जूनला नाखोद, 28 ला स्कालित्झ, 29 ला श्वाइनशेडेल. नाखोदला डोंगरातल्या एका अरुंद वाटेतून अख्खी कोअर बाहेर काढायची होती आणि समोर रामिंगची ऑस्ट्रियन कोअर. प्रशियाचे 1,100 च्या आसपास माणसं गेली-जखमी झाली, ऑस्ट्रियाची साडेपाच हजारांच्या वर. 'नाखोदचा सिंह' हे नाव तिथलं.

चार वर्षांनी, 1870 ला, फ्रान्सविरुद्धच्या पहिल्या सैन्याचा सेनापती हाच. आणि युद्ध सुरू होऊन दोन महिने होत नाहीत तोच त्याला पोझेनला गव्हर्नर म्हणून पाठवून दिलं.

माझं म्हणणं: ग्राव्हलॉतच्या चुका जनरल स्टाफचा प्रमुख मोल्टके याच्या मुख्यालयाच्याही होत्या, राजाच्या होत्या, इतर कोअर कमांडरांच्या होत्या. पण घरी एकच गेला. ज्याच्यामागे ना घराणं, ना मुख्यालयात मित्र. गड आला, सिंह मात्र यांनीच घालवला.

म्हातारपणाचा मुद्दा काढणाऱ्यांना आधीच सांगतो. राजा विल्हेल्मचा जन्म मार्च 1797 चा. म्हणजे राजा आणि स्टाइनमेट्झ यांच्यात तीन महिन्यांचं अंतर. मोल्टके सत्तरीला टेकलेला. तिथे तरुण होतं कोण?

---

नकाशेवाला

असहमत. घरच्या गरिबीचं वाचून वाईट वाटलं, पण पॅरिसात पैसे वाचवले म्हणून सेनापतीपद शाबूत राहत नाही, मालक.

तुम्ही ग्राव्हलॉतपासून सुरुवात केलीत, हीच लबाडी. बारा दिवस मागे या. ऑगस्टच्या सुरुवातीला मोल्टकेची योजना होती की पहिलं सैन्य उजव्या हाताला थोडं मागे थांबेल, मधलं मोठं दुसरं सैन्य म्हणजे राजपुत्र फ्रीडरिश कार्लचं पुढे येईल, आणि समोरची फ्रेंच फौज दोघांत सापडेल. त्यासाठी रस्ते वाटून दिलेले. सैन्य रस्त्यावर चालतं, नकाशावर नाही. एका कोअरची रांग, तोफा, दारूगोळ्याच्या गाड्या, भटारखाना सगळं धरलं तर एका रस्त्यावर दिवसभर पुरते.

आणि या सिंहाने काय केलं? आपली माणसं डावीकडे सरकवली, थेट दुसऱ्या सैन्याच्या वाटेत. रस्ता मोकळा करा म्हणून मुख्यालयाचा हुकूम आला तर ऐकायचं सोडून थेट राजाकडे तक्रार. लग्नाच्या दोन वराती एकाच गल्लीत समोरासमोर आल्यावर जे होतं ते 6 ऑगस्टला सारब्र्युकनला झालं. योजनेतच नसलेली श्पिखेरेनची लढाई लागली. जर्मनांचं सुमारे 4,800 चं नुकसान, फ्रेंचांचं त्याहून कमी, आणि मोल्टकेने ज्या फौजेला जाळ्यात धरायचं ठरवलं होतं ती जाळं टाकायच्या आतच मागे निघून गेली.

हा मुद्दा निष्ठेचा नाही, घराण्याचा नाही. दोन लाखांच्या वर माणसं हलवायची तर एकाने 'मला पटत नाही' म्हणून चालत नाही. तुम्ही म्हणता सिंह घालवला. मी म्हणतो, या सिंहाला रस्त्याची डावी बाजू कळत नव्हती.

---

अर्धा चहा

दोघांचंही वाचतोय. एक विचारू? भाऊसाहेबांनीही बुणग्यांचा

---

संपादक

पानिपत या धाग्यावर नको. प्रत्येक युद्धाच्या धाग्यावर तिसऱ्या प्रतिसादात पानिपत येतं आणि चाळिसाव्यापर्यंत जात नाही. वरचा प्रतिसाद अर्ध्यावर छाटला आहे. अर्धा चहा यांनी राग मानू नये.

---

सारकाठची

नमस्कार. मी एरवी फक्त वाचते, पण सारब्र्युकनचं नाव आलं म्हणून राहवलं नाही. सात वर्षं इथेच राहते आहे. श्पिखेरेनची टेकडी आता सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, पण आमच्याकडून रविवारी फिरायला जाण्याइतकी जवळ.

नकाशेवाला, रस्त्यांचं तुमचं बरोबर आहे. पण लढाई स्टाइनमेट्झने लावली हे नाही. लावली कामेकेने, चौदाव्या डिव्हिजनच्या प्रमुखाने. त्याला वाटलं फ्रेंच मागे निघालेत, टेकडीवर फक्त पिछाडी उरली आहे. प्रत्यक्षात वर फ्रेंच जनरल फ्रोसारची अख्खी कोअर बसलेली. ज्याला 'तांबडा डोंगर' म्हणतात तो चढ मी चढले आहे. माती खरंच तांबडी आहे, आणि पावसानंतर बूट असा धरते की आपल्या कोकणातल्या घाटीची आठवण यावी. त्या चढावर प्रशियाचाच जनरल फ्रांस्वा आपल्या माणसांच्या पुढे चालत गेला आणि मेला. स्टाइनमेट्झ तिथे पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती, लढाई संपत आली होती.

आता त्याच्याच पुढचं बघा. 14 ऑगस्ट, मेट्झच्या पूर्वेला बोर्नी-कोलोंबे. स्टाइनमेट्झने कोअरना काय सांगितलं होतं? थांबा, नजर ठेवा. फॉन डेर गोल्ट्झ नावाच्या ब्रिगेड प्रमुखाने न विचारता हल्ला केला, शेजारचे त्याच्या मदतीला धावले, आणि पुन्हा न ठरवलेली लढाई. स्टाइनमेट्झ भडकला, माणसं मागे घ्या म्हणाला. पण त्या लढाईने फ्रेंच सेनापती बाझेनचं मेट्झमधून निघणं एक दिवसाने लांबलं, म्हणून पुढे सगळ्यांनी गोल्ट्झचं कौतुक केलं.

म्हणजे हुकूम मोडणाऱ्याची वाहवा, आणि त्या दिवशी हुकूम पाळणारा स्टाइनमेट्झ चिडका म्हातारा! प्रशियाच्या सैन्यात 'हेतू सांगा, वाट ज्याची त्याने काढावी' ही पद्धत होती, तिचं फार गुणगान होतं. पण ही पद्धत म्हणजे परीक्षेचा पेपर निकाल लागल्यावर तपासायचा असा प्रकार. जमलं तर पुढाकार, फसलं तर बेशिस्त.

---

जुनी ठासणी

सारकाठची ताई, तुम्ही माझं अर्धं काम केलंत.

आता 18 ऑगस्ट. ग्राव्हलॉत आणि मेट्झच्या मध्ये मान्स नावाच्या ओढ्याची खोल घळ आहे, दोन्ही बाजूंना झाडी. पलीकडच्या चढावर सेंट ह्यूबेरची शेतवाडी, त्यावर पॉइंट द्यु जूर, तिथे फ्रेंच खंदक खणून बसलेले. मोल्टकेने दुपारी पहिल्या सैन्याला काय सांगितलं? मोठ्या तुकड्या दाखवू नका, लागल्यास पुढच्या हल्ल्याच्या तयारीसाठी फक्त तोफा पुढे करा. इथपर्यंत ठीक.

पण पहिल्या सैन्यात स्टाइनमेट्झकडे उरलं होतं काय? पहिली कोअर मेट्झच्या पलीकडे. गोबेनची आठवी कोअर मुख्यालयाने थेट आपल्या ताब्यात घेतलेली. म्हणजे सेनापतीच्या हाताखाली एक कोअर आणि एक घोडदळाची डिव्हिजन. अशा माणसाला सेनापती म्हणायचं की पाटी लावलेला पहारेकरी? बरं, घळीत पहिलं पायदळ घातलं कोणी? गोबेनने, आपल्या अखत्यारीत. त्याला कोणी काही म्हणालं नाही. उलट पुढे पहिलं सैन्य त्याच्याकडे आलं आणि जानेवारी 1871 मध्ये सेंट क्वेंटिन जिंकून तो नावाजला गेला.

आणि त्याच दिवशी, त्याच रणांगणाच्या दुसऱ्या टोकाला, सेंट प्रिव्हासमोरच्या उघड्या उतारावर गार्ड कोअरचे सुमारे 8,000 लोक पडले. त्या दिवशी जर्मनांचं एकूण नुकसान 20,000 च्या आसपास, त्यातले एवढे एका कोअरचे. गार्डचा प्रमुख होता व्युर्टेम्बेर्गचा राजपुत्र आउगुस्ट. तो घरी गेला? नाही. युद्धभर त्याच पदावर. त्याच्या वरचा सेनापती फ्रीडरिश कार्ल, तो तर राजाचा पुतण्या. म्हणजे राजपुत्रांची आठ हजार माणसं म्हणजे शौर्य आणि स्टाइनमेट्झची माणसं म्हणजे खाटीकखाना. हे कुठलं माप?

---

तोफखाना उजवा

माप घराण्याचं नाही, बंदुकीचं आहे. दोघेही तिच्याकडे बघतच नाही आहात.

1866 ला ऑस्ट्रियन शिपायाकडे ठासणीची बंदूक. तोंडाकडून दारू, गोळी, गज मारायचा, हे सगळं उभ्याने. प्रशियाच्या शिपायाकडे ड्रायझेची सुईची बंदूक, मागून भरायची, जमिनीवर पालथं पडून. तो एक गोळी झाडेपर्यंत हा चार-पाच झाडणार. वर ऑस्ट्रियन दाट रांगांनी संगिनी रोखून अंगावर येत होते. अशा वेळी स्टाइनमेट्झ जितका पुढे घुसेल तितकं चांगलंच. चूक झाली तरी बंदूक सावरून घेत होती. स्कालित्झला तर ऑस्ट्रियन फ्राग्नेर्नची ब्रिगेड हुकमाशिवाय उधळली, स्वतः फ्राग्नेर्न मेला. तो विजय अर्धा दान मिळालेला होता.

1870 ला गणित उलटं. फ्रेंचांची शास्पो बंदूक हजार-बाराशे मीटरवर माणूस पाडते, ड्रायझे जेमतेम सहाशेवर. आता उघड्यावर पुढे घुसणारा मरतो. फक्त एका बाबतीत प्रशिया पुढे होता: क्रुपच्या पोलादी तोफा, मागून भरायच्या. म्हणून शहाणा माणूस काय करेल? तोफा मागे उंचवट्यावर ठेवून फ्रेंच खंदक भाजून काढेल. ग्राव्हलॉतच्या बाजूने दुपारपर्यंत नेमकं हेच चाललं होतं, आणि उत्तम चाललं होतं.

मग तिनाच्या सुमारास सेंट ह्यूबेर हाती आलं. स्टाइनमेट्झला वाटलं फ्रेंच पळाले. त्याने तोफांच्या बॅटऱ्या आणि घोडदळ त्या घळीतून पलीकडे पाठवलं. एकच रस्ता, दोन्हीकडे झाडी, खाली ओढा, वर चढ. डोळ्यासमोर आणा: सहा-सहा घोड्यांच्या तोफगाड्या, त्यांच्या मागे उलान म्हणजे भालेवाले घोडेस्वार, मधून खाली येणारे जखमी, सगळ्यांवर वरून गोळ्या. चारच बॅटऱ्या पलीकडे पोचल्या. त्यातली ग्न्युगेची बॅटरी शेतवाडीच्या भिंतीच्या आडोशाला चिकटून उरली म्हणून टिकली. घोडदळाला उलटं वळायलाही जागा नव्हती.

ही चूक मोल्टकेची नाही, गोबेनची नाही. तोफा पुढे करा याचा अर्थ तोफा शत्रूच्या मांडीवर नेऊन ठेवा असा कोणी घेत नाही. स्टाइनमेट्झ नाखोदची लढाई पुन्हा लढत होता, बंदुका बदलल्या हे त्याच्या गावी नव्हतं.

अवांतर: धागाकर्त्याच्या नावात ठासणी आहे, त्यामुळे हे त्यांना झोंबणार याची कल्पना आहे.

---

नकाशेवाला

तोफखाना उजवा यांच्याशी सहमत, एक भर घालतो.

गार्डशी तुलना नको. सेंट प्रिव्हाला गार्डने घाई केली, मान्य. पण उत्तरेकडून राँकूरच्या बाजूने जर्मनांच्याच बाजूचे सॅक्सन आले, फ्रेंचांची उजवी बगल मोडली आणि गाव पडलं. किंमत भयानक, पण माल पदरात पडला. तुमच्या घळीत काय पदरात पडलं? एक शेतवाडी. पॉइंट द्यु जूर दिवसभरात हाती आलं नाही. बाकीची बाजू कोसळल्यावर फ्रेंच आपणहून निघून गेले, तेव्हा मिळालं.

आणि तो राजपुत्राचा पुतण्यावाद. लढाईनंतर पहिलं सैन्य मेट्झच्या वेढ्यासाठी फ्रीडरिश कार्लच्या हाताखाली दिलं. स्टाइनमेट्झला आपल्याहून तीस वर्षांनी लहान माणसाला रीतसर मान देणं जमेना. वेढा हा महिनोन्‌महिने चालणारा संसार असतो. धाकटी जाऊ कारभारीण झाली म्हणून थोरलीने भांडी आपटायची, असं वेढ्यात चालत नाही.

---

सारकाठची

भांड्यांचं उदाहरण जावांचंच का सुचतं सगळ्यांना? इथे आपटणारे दोन्ही पुरुष होते. असो.

एक विसरताय. संध्याकाळ. त्या घळीत दिवसभर रक्त सांडून झाल्यावर, अंधार पडायच्या बेतात, फ्रान्सेकीची दुसरी कोअर नुकती लांबून चालून आलेली. पोमेरेनियन पोरं, दिवसभर पायी. त्यांनाही त्याच घळीत घातलं. मागणी स्टाइनमेट्झची, हे खरं. पण मान्यता राजाची, आणि मोल्टके शेजारी उभा. अंधारात सेंट ह्यूबेरपाशी त्यांनी आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या.

पुढे मोल्टकेने या युद्धाचा इतिहास लिहिला त्यात त्याने स्वतःच कबूल केलंय, की तिथे हजर असलेल्या जनरल स्टाफच्या प्रमुखाने इतक्या उशिरा ही हालचाल होऊ द्यायला नको होती. तो प्रमुख म्हणजे तो स्वतःच. हे त्याच्या मोठेपणाचं म्हणा हवं तर. पण कबुली वर्षांनंतर, आणि बदली सप्टेंबरातच.

ग्राव्हलॉतला मी दोनदा गेले आहे. गावात 1870 च्या युद्धाचं संग्रहालय आहे. तिथून मेट्झच्या दिशेने चालत निघालं की रस्ता झाडीत उतरतो आणि एकदम गारवा लागतो. ओढा दिसतो तेव्हा हसू येतं, एवढासा. पण मागे वळून चढाकडे बघितलं की कळतं, वर उभ्या राजाला आणि सेनापतीला झाडांच्या शेंड्यांपलीकडे काही दिसत नसणार. दिसत होता तो धूर, आणि सेंट ह्यूबेर पडल्याची बातमी. तोफखाना उजवा, तुम्हाला नकाशावर घळ दिसते. त्याला धूर दिसत होता.

---

तोफखाना उजवा

धूर सगळ्यांनाच दिसत होता, ताई. फरक एवढाच की धुरात तोफा ढकलायचा हुकूम एकानेच दिला. संध्याकाळचं मात्र मान्य. ते तिघांचं पाप आहे.

---

अर्धा चहा

पानिपत नाही, शपथ. साधी शंका. एवढा नालायक होता तर एप्रिल 1871 मध्ये त्याला फील्डमार्शल का केला? पेन्शन दिली, त्याच्या नावाने फ्युझिलियर रेजिमेंट राहिली. दोषी माणसाला कोणी असं करतं?

---

नकाशेवाला

अहो, याला आपल्याकडे शाल-श्रीफळ म्हणतात. स्टेजवर सत्कार, खाली उतरल्यावर नारळ. त्याच्या बाबतीत नारळ आधी मिळाला आणि शाल नंतर, एवढंच. ज्या वर्षी जर्मन साम्राज्य स्थापन झालं त्या वर्षी नाखोदच्या सिंहाला उघडपणे दोषी ठरवणं मुख्यालयाला परवडणारं नव्हतं. लोकांत तो लाडका होता. 1867 ला संसदेत निवडूनही आला होता.

---

जुनी ठासणी

नारळाचं उत्तर आवडलं, पण ते माझ्या बाजूने जातं हे तुमच्या लक्षात आलं नाही. दोष शंभर टक्के त्याचा असता तर पांघरूण घालायला शाल लागली नसती.

असो. सारब्र्युकनच्या रस्त्याचा मुद्दा मी सोडतो. तिथे तो आडमुठेपणाने वागला, आणि राजाकडे तार करणं तर पोरकट. तिनाच्या तोफाही सोडतो. बंदुकांचं गणित मला इतक्या स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं, तोफखाना उजवा यांचे आभार, टोमण्यासकट. दुसऱ्या कोअरचा मुद्दा सोडत नाही. तिथे तीन माणसं होती, एकाकडे मुकुट, एकाकडे योजना. पोझेनला तिसरा गेला.

ऑगस्ट 1877 मध्ये लांडेकच्या गरम झऱ्यांच्या गावी तो वारला, ऐंशी वर्षांचा. नाखोद तिथून फार दूर नाही, डोंगराच्या त्याच रांगांत. दुसरं लग्न केलं होतं सत्तरीत, म्हणजे शेवटी घरी कोणीतरी होतं.

सारकाठची ताई, पुन्हा जाल तेव्हा घळीच्या तळाशी उभं राहून वरच्या बाजूचा एक फोटो टाका. राजाच्या बाजूचा नको, पोमेरेनियन पोरांच्या बाजूचा.

---

सारकाठची

टाकते. पावसाळी दिवस असला तर बरं, चिखलासकट येईल.